थायरॉईड कमी असताना गरोदरपणात घ्यायची काळजी

ज्यांना आधीपासून हायपोथायरॉइडिझम (थायरॉईड ग्रंथीतून संप्रेरक कमी तयार होणे) आहे, त्यांनी गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह येताच, पहिल्या सोनोग्राफीची वाट न पाहता, डॉक्टरांना कळवावे आणि टीएसएच (थायरॉईड कमी पडतो का, हे दाखवणारी रक्तातील पातळी) तपासून घ्यावे. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण १२व्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक तयार करू लागते आणि ती पुरेशी कार्यक्षम व्हायला पाचवा महिना उजाडतो. तोपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ मुख्यतः आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते, म्हणून सुरुवातीचे आठवडे वाया जाऊ देऊ नयेत.

या काळात लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या नेहमीच्या गोळीची, गरज बहुतेकींमध्ये २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. रोज एक गोळी घेणाऱ्या स्त्रीला डॉक्टर अनेकदा आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात. दिवस राहण्यापूर्वीच याविषयी बोलून ठेवलेले उत्तम. स्वतःच्या मनाने मात्र डोस बदलू नये आणि औषध बाळाला बाधेल या भीतीने ते बंद तर मुळीच करू नये, कारण खरा धोका उपचार न घेण्यात आहे: त्यातून गर्भपात, रक्तदाब वाढणे किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती संभवते.

गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. सर्वाधिक घोटाळा होतो तो लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे. गरोदरपणात त्या बहुतेकींना दिल्या जातात आणि सगळ्या गोळ्या एकदमच घेऊन टाकल्या, तर थायरॉईडचे औषध नीट शोषले जात नाही. म्हणून दोहोंत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळी उलट्यांचा त्रास असेल, तर शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

थकवा, बद्धकोष्ठता, वाढते वजन ही लक्षणे गरोदरपणातही असतातच, त्यामुळे केवळ ‘बरे वाटते’ यावर विसंबून चालत नाही. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि पुढे ३०व्या आठवड्याच्या आसपास टीएसएच तपासावे. उपचारात ते साधारणपणे २.५ mIU/L च्या खाली ठेवतात.

बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीइतका केला जातो आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. स्तनपान सुरू असतानाही ही गोळी निर्धास्तपणे घेता येते.