गडावरची नावं पुसायला येताय? आधी थोडं थांबा

दिवाळी उलटली की गडावर येणाऱ्यांनी भिंतींवर लिहिलेली नावं पुसायच्या मोहिमांचे निरोप फिरू लागतात आणि नव्या मुलामुलींचे फोन येतात. ठाणे, डोंबिवली, दादर, बोरिवली, कुठूनही. "ताई, गडावरची नावं पुसायला यायचंय, काय काय आणू?" काहींनी तोवर तारेचे ब्रश आणि संडास धुवायचं ॲसिड विकतही आणलेलं असतं. मी सांगते, ते घरीच राहू द्या. एक वही-पेन्सिल घ्या आणि पहिल्या मोहिमेत दगडाला हात लावायला मिळणार नाही हे धरून या.

पुष्कळांचा हिरमोड होतो. पहाटेची गाडी पकडून, दोन तास चढून गड गाठायचा आणि दिवसभर फोटो काढत नोंदी लिहायच्या? पण हे मी अगदी मनापासून सांगते. नाव लिहिणारा दगडावर रंग चढवतो. चुकीच्या हाताने पुसणारा दगडच उतरवतो. रंग आज ना उद्या निघेल. पाथरवटाच्या छिन्नीचे घाव एकदा घासून गेले की कोणालाही परत आणता येणार नाहीत. या कामात आधी थांबायला शिकावं लागतं, आणि मुंबईहून एका रविवारपुरते येणाऱ्या आपल्यासारख्यांना तेच सगळ्यात जड जातं.

कागदपत्रांचं आधी उरकून घेते. गड किंवा लेणं कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा. लोहगड, रायगड, शिवनेरी, कार्ले, भाजे, कान्हेरी ही केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतही हे दोन्ही प्रकार आहेत. कित्येक गड तर कुठल्याच यादीत नाहीत आणि वनखात्याच्या जमिनीवर उभे आहेत. तिथे वनखात्याचं पत्र लागतं. मुंबईकरांना सोयीचं असं की दोन्ही पुरातत्त्व कार्यालयं लोकलच्या अंतरावर आहेत, आणि दोन्ही किल्ल्यांतच: सर्वेक्षणाचं मुंबई मंडळ सायनच्या किल्ल्यात, राज्याचं संचालनालय सीएसएमटीजवळच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात. अर्ज स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. तारीख, माणसं, नेमकी कोणती भिंत आणि तिच्यावर काय वापरणार, हे सगळं त्यात लिहा. 'स्वच्छता मोहीम' एवढंच लिहून मिळालेल्या परवानगीत प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करता येतात, दगडाला द्रावण लावता येत नाही.

हे काटेकोरपणे पाळा. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाल्यापासून संरक्षित स्मारकाची हानी किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ॲसिडने दरवाजाची कमान खराब केली तर 'आम्ही साफ करत होतो' एवढं सांगून सुटका होईल, या भ्रमात राहू नका. म्हणूनच पहिल्यांदा एकट्यानं किंवा चार मित्र मिळून निघू नका. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर यांच्यासारख्या दुर्गसंवर्धनात मुरलेल्या संस्थांच्या मोहिमांना जा. तिथे दगड उचला, टाक्यातला गाळ काढा, जुन्या माणसांच्या हाताखाली राहा.

आता मुद्द्याचं. काय पुसायचं हे ठरवणं पुसण्यापेक्षा अवघड आहे.

कान्हेरीला जा. बोरिवली स्टेशनपासून राष्ट्रीय उद्यानाचं फाटक जवळच आहे (सोमवारी बंद असतं). तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपापली नावं, तारीख-वार कोरून ठेवलीत. आज पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशी वस्तीच्या इतिहासासाठी ते लेख मोलाचे आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला खांबावरच्या चित्रावरच आपलं नाव खरवडलं. ते विद्रूपीकरण आहे यात मला काडीची शंका नाही, तरी आज तेही पुसायचं नाही. लेणं इंग्रजांच्या नजरेला कधी पडलं, त्याचा तो पुरावा आहे. म्हणून नियम असा की तारीख शंभर वर्षांआधीची असेल, लिपी ओळखू येत नसेल, किंवा नुसती संशयास्पद रेघ असेल, तरी हात मागे. फोटो काढा, जाणकाराला दाखवा. बिनकामाच्या वाटणाऱ्या खुणांत पाथरवटांची चिन्हं असतात, पहारेकऱ्यांनी वेळ घालवायला कोरलेले खेळाचे पट असतात.

शेंदराला हात लावायचा नाही. मारुतीला, वाटेवरच्या देवीला गावाने लावलेला शेंदूर आणि चुना ही पूजा आहे. तिथे काही बदल व्हायला हवा असं पुरातत्त्व खात्याला वाटलं तर ते गावाशी बोलतील. आपण शहरातून येऊन गावाच्या देवाला उघडा करायचा नाही.

आणि बाण. हा आपल्याच लोकांचा विषय असल्यामुळे बोलायला अवघड जातो. गडवाटांवर ट्रेकिंग ग्रुपांनी ऑइलपेंटने काढलेले पांढरे-पिवळे बाण सगळ्यांनी पाहिले आहेत. धुक्यात त्यांनी कित्येकांना वाट दाखवली आहे. माझं मत असं: रानातल्या सुट्या धोंड्यावरचा बाण राहू द्या, वाट चुकून कडा गाठण्यापेक्षा तो बरा. तोच बाण तटाच्या चिऱ्यावर, कातळातल्या पायऱ्यांवर किंवा दरवाजाच्या चौकटीवर असेल तर त्याच्यात आणि 'राहुल लव्ह' मध्ये मला फरक दिसत नाही. ज्या ग्रुपने काढला त्याचं नाव बहुधा बाजूलाच असतं. त्यांना फोन करा आणि पुसायला बोलवा. येतात लोक.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका भिंतीवरून सांगते. गडाच्या मुख्य दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात. सावली, गारवा, बसायला ओटा, त्यामुळे सगळ्यात जास्त नावं तिथेच. आम्ही एका देवडीची आतली भिंत घेतली होती. एकाच हातभर जागेत कोळशाने लिहिलेलं एक नाव, खडूचा बदाम, करंगळीएवढ्या जाड मार्करची सही आणि पांढऱ्या ऑइलपेंटची तीन अक्षरं. चार गोष्टी, चार वागणुकी.

कोळशाला पाणी लावायचं नाही. ओला झाला की काळं पाणी बेसाल्टच्या बारीक भोकांत उतरतं आणि नाव होतं तिथे ढग तयार होतो. आधी कोरडा, मऊ, नायलॉनचा किंवा केसांचा ब्रश, वरून खाली, हलक्या हाताने. उरलेलं साध्या खोडरबराने उचलायचं. खडू बहुतेक कोरड्या ब्रशानेच जातो, नंतर घट्ट पिळलेलं फडकं.

ऑइलपेंट आणि मार्करला ॲसिटोनसारखं द्रावण लागतं, आणि इथे जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडायचं नाही. द्रावण थेट भिंतीवर ओतलं तर रंग पातळ होऊन आणखी आत शिरतो. म्हणून ते माती किंवा कागदाच्या लगद्यात कालवून लेप करायचा, अक्षरावर थापायचा आणि वरून प्लॅस्टिकने झाकायचा. रंग फुगून मऊ पडला की बांबूच्या पट्टीने लेप उचलायचा. राहिलेला रंग कापसाच्या बोळ्याने टिपायचा. बोळा दगडावर लोळवत न्यायचा, घासायचा नाही, आणि काळा झाला की फेकून नवा घ्यायचा. रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी त्या दिवशी पहिल्यांदाच दगडावर काम करत होती. अर्धी दुपार तिने एका 'स' च्या वेलांटीवर काढली. काळ्या दगडातल्या मोहरीएवढ्या भोकांत पांढरे ठिपके उरलेच. "हे काढू का टाचणीने?" तिने विचारलं. नको म्हटलं. पाच फुटांवरून दिसत नाहीत, आणि टाचणीने भोकाची कड तुटते. काम तिथे संपलं.

कुठलीही पद्धत आधी कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर करून पाहायची. पूर्ण वाळल्यावर बघायची, कारण ओला दगड सगळं लपवतो. अति साफ केलेली जागा आजूबाजूच्या काळपट दगडात उजळ उठून दिसते, आणि पुसलेलं नाव पुन्हा वाचता येतं.

तारेचा ब्रश कधीच नाही. त्याच्या तुटलेल्या तारा दगडात अडकतात आणि पहिल्या पावसात गंजून तांबडे ओघळ येतात. ॲसिडही कधीच नाही. चिऱ्यांमधला चुना ॲसिडने फसफसून जातो, आणि सांधे मोकळे झाले की पाणी तटाच्या पोटात जाऊन पुढची पडझड सुरू होते. ग्राइंडर आणि वाळूचा मारा यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. जिथे चुन्याचा गिलावा किंवा चित्रकाम शिल्लक आहे तिथे स्वयंसेवकाने काहीच करू नये. सर्वेक्षणाची स्वतंत्र विज्ञान शाखा आहे, ते काम तिच्या रसायनतज्ज्ञांचं.

चाकूने किंवा खिळ्याने कोरलेली नावं निघत नाहीत. ती घालवायची म्हणजे आजूबाजूचा दगड तेवढाच खोल तासायचा. ती तशीच ठेवतो आणि नोंदवतो. नव्या मुलांना हे पचत नाही, रडकुंडीला येतात. मलाही त्या भिंतींसमोर उभं राहवत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कामाचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लेप वाळत नाही आणि उन्हाळ्यात तापलेल्या कातळावर द्रावण काम करायच्या आत उडून जातं. ॲसिटोन पेट घेतं, त्यामुळे जवळ चूल नाही, बिडी-सिगारेट नाही. हातमोजे आणि मुखपट्टी घालाच. अत्तर लावून येऊ नका, कड्याला आग्या मोहोळ असतात. पाणी खालून वाहून न्यायचं. धुवणाचा एक थेंबही टाक्यात जाता कामा नये. मार्चनंतर गडाखालच्या कित्येक वाड्या त्याच टाक्यांवर असतात. चिंध्या, बोळे, वापरलेला लेप, सगळं बंद डब्यात घालून खाली.

फोटोंबद्दल कळकळीने सांगते. आधीचे-नंतरचे फोटो टाकताना भिंतीवरची नावं झाका. बदामात दोन नावं असतात आणि त्यातलं मुलीचं नाव तिच्या संमतीने लिहिलेलं असेलच असं नाही. आडनाव आणि गावासकट ते नाव मोबाइलवर फिरलं तर घरी तिला काय सोसावं लागेल याचा विचार करा. फोन नंबर असेल तर पुरातत्त्व खात्याला द्या, पुढची कारवाई त्यांची.

गडाखालच्या लोकांशी ओळख केल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. पायथ्याला पिठलं-भाकरी देणाऱ्या एक मावशी मला म्हणाल्या, "तुम्ही रविवारी येता, पुसता आन् जाता. सोमवार ते शनवार कोन बघतंय?" आता त्याच बघतात. वर जाणाऱ्या पोरांच्या हातात रंगाचा डबा दिसला तर तिथेच अडवतात आणि नवीन नाव दिसलं की त्यांचा मुलगा फोटो पाठवतो. लगेच पुसलेल्या भिंतीवर पुन्हा नाव यायला वेळ लागतो, एक नाव राहिलं की शेजारी दहा येतात. म्हणून जेवण गावातच करा, पैसे ठरवून द्या, आणि पुसून झालेली भिंत महिन्याभराने जाऊन पाहा.

ज्यांना यात पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी. रसायनशास्त्राची पदवी असेल तर ती वाया गेली असं समजू नका. संवर्धनात तिची फार गरज आहे. पुरातत्त्वाकडे वळायचं असेल तर मुंबईत पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातल्या आणि विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. नोकरी सांभाळून शिकणारेही तिथे भेटतात. एम. ए. साठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. त्यानंतर सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडातली पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था पदव्युत्तर पदविका देते. वास्तुशास्त्राची मुलं संवर्धन वास्तुविशारद होतात. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, कामं कंत्राटी असतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मोहिमांचं प्रमाणपत्र प्रवेशाला फारसं उपयोगी पडत नाही. तुम्ही नोंदवलेली एक भिंत उपयोगी पडते: मोजपट्टी ठेवून समोरून काढलेले फोटो, कशाने लिहिलंय, काय करून पाहिलं, किती वेळ ठेवलं, काय उरलं आणि काय सोडून दिलं. त्या देवडीत बसलेली मुलगी आता संवर्धन शिकते आहे. मुलाखतीला तिने त्याच भिंतीची नोंद नेली होती, आणि पहिला प्रश्न तिला भोकांत सोडलेल्या ठिपक्यांबद्दल विचारला गेला.