आईने शिवलेला हत्ती पुन्हा उभा केला

1986 साली आईने बाबांच्या जुन्या कॉर्डरॉय पँटचा हत्ती शिवला होता. मी त्याला उशाशी घेऊनच झोपायचे. यंदा माळा आवरताना तो सापडला, तेव्हा पोटाची शिवण उसवलेली, एक डोळा गायब आणि आतल्या कापसाचे दगडासारखे गोळे झालेले.

अख्खा धुवायचा मोह आवरला. कापूस आत ओला राहिला की कुजतो. म्हणून उसवलेल्या जागेतूनच सगळा काढला, रिकामी खोळ रिठ्याच्या कोमट पाण्यात 10 मिनिटं हलक्या हाताने चेपली आणि सावलीत वाळवली. खोळ उलटी केली तर शिवणीतली माया, म्हणजे टाक्यांपलीकडे आत सोडलेलं कापड, अजून गडद निळी! बाहेरून राखाडी पडलेल्या माझ्या हत्तीचा खरा रंग तिथे जपलेला होता. आईची बारीक टीप मी कुठेही उसवली नाही.

विरलेल्या कानाला आतून मलमलीचं ठिगळ, वरून रफू. कापूस पिंजून उन्हात तापवला, कमी पडला तिथे सावरीचा घातला. सोंड आणि पाय आधी, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने थोडा थोडा कोंबत, पोट शेवटी. पोटाच्या दोन्ही कडांच्या आतून आळीपाळीने टाके घेऊन दोरा ओढला, की शिवण दिसतच नाही.

डोळ्याला आईच्याच डब्यातलं बटण लावणार होते. पण हत्ती आता दीड वर्षाच्या भाचीकडे जाणार. बटण तुटून तोंडात गेलं तर? दोन्ही डोळे काळ्या दोऱ्याने भरले. जुनं बटण माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.