पूर ओसरतोय, आता काठाकडे लक्ष द्या
(कृष्णा, वारणा व पंचगंगा काठच्या शेतकऱ्यांसाठी)

पाणी चढत असतं तेव्हा नदीकाठचं गाव रात्र-रात्र जागं असतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं, कोयनेतून विसर्ग किती, हे तासातासाला विचारलं जातं. पाणी उतरू लागलं की जीव भांड्यात पडतो. काठाच्या जमिनीचा धोका मात्र तेव्हाच वाढतो. दरड चढत्या पाण्यात कमी आणि उतरत्या पाण्यात जास्त कोसळते. म्हणून पुढचे पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून राहा.

पुराच्या दिवसांत काठाची काळी माती पोटभर पाणी पिते. नदी भरलेली असते तोवर तिचंच पाणी काठाला बाहेरून रेटून धरतं. धरणाचा विसर्ग कमी झाला की नदी झपाट्याने खाली जाते, पण मातीत मुरलेलं पाणी तेवढ्या लवकर निथरत नाही. काठ जड राहतो आणि बाहेरचा आधार जातो. त्यातच पायथ्याची माती धारेने आधीच पोखरून नेलेली असते. मग काठाला समांतर भेग पडते आणि उभ्या उसासकट दोन-चार सऱ्या नदीत जातात.

अशी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि रोज सकाळी दोन्हींमधलं अंतर टेपने मोजा. अंतर वाढत असेल तर भेगेच्या पलीकडे पाऊल टाकू नका, बैल किंवा ट्रॅक्टर तर अजिबात नेऊ नका. खुंट्या ठोकतानाही एकटे जाऊ नका. अंतर स्थिर असेल तर भेग मातीने बुजवून वरून चोपा, म्हणजे परतीच्या पावसाचं पाणी तिच्यात शिरणार नाही.

आपलं शेत वळणाच्या कोणत्या अंगाला आहे हे ओळखा, निम्मा सल्ला त्यावरच ठरतो. कराडच्या खाली कृष्णा सपाटीवर येते आणि वळणं घेत सांगलीकडे जाते. वळणावर जोराची धार बाहेरच्या काठाला घासते. तिथे डोह खोल होतो आणि काठ उभा कापला जातो. तळालगतचं पाणी मात्र वाळू-गाळ घेऊन आतल्या अंगाला सरकतं, वेग मंदावला की तिथेच टाकतं. त्यामुळे एका थडीची जमीन तुटते आणि समोरच्या थडीला मळी, म्हणजे गाळाची जमीन, वाढते. दोन्ही गोष्टी एकाच धारेच्या आहेत. समोरच्याने काही केलं म्हणून आपली जमीन गेली, असं दर वेळी नसतं. भांडणाआधी हे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

जॅकवेलचंही, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या काठावरच्या विहिरीचंही, तसंच. बाहेरच्या वळणावरच्या जॅकवेलला पाणी बारमाही मिळतं, पण तिच्या पायाखालची माती जाते. आतल्या वळणावरची गाळाने भरते. मोटर परत बसवण्याआधी गाळ काढा आणि फूटव्हॉल्व्ह (ओढपाइपच्या तळाची झडप) उघडून धुऊन घ्या. वाळू ओढली तर पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चक्र) खराब होतो.

आता शेतात आलेल्या गाळाबद्दल. नदीने सगळीकडे सारखा माल टाकलेला नसतो. पाणी काठावरून शेतात पसरलं की वेग मोडतो, म्हणून जाड वाळू काठालगतच पडते, पोयटा (मऊ, बारीक गाळ) थोडा पुढे आणि चिकण गाळ साचलेल्या पाण्याच्या सखल जागी. पाचशे पावलांच्या शेतातही तिन्ही सापडतात. ओलसर गाळ मुठीत दाबून बघा. गोळा फुटला तर वाळू. गोळा टिकला, पण बोटांत दाबून पट्टी काढताना लगेच तुटली तर पोयटा. लांब पट्टी निघाली तर चिकण.

नांगर घालण्याआधी थराची जाडी मोजा. आपत्ती मदतीच्या निकषांत गाळ-वाळूचा थर 3 इंचांपेक्षा जास्त असेल तरच तो काढण्यासाठी मदत धरली जाते, आणि ती अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी आहे. शेतात चार-पाच ठिकाणी खड्डा घ्या, पट्टी लावून फोटो काढा, तलाठ्यांना दाखवा, पंचनामा झाल्यावरच मशागत करा. एकदा नांगरट झाली की पुरावा मातीत मिसळतो.

थर पातळ असेल तर वापसा आल्यावर, म्हणजे माती मशागतीजोगी सुकल्यावर, उभी-आडवी नांगरट करून तो खालच्या मातीत मिसळा. घाई करून ओल्यात औजार घालू नका. थर तसाच ठेवला तर दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळं तिथेच वळतात. फूटभर वाळू आली असेल तर मिसळण्याचा खर्च वाया जातो, ती काढलीच पाहिजे. ती शेताबाहेर न्यायची तर तहसीलदारांची परवानगी आधी घ्या. पोयटा आला म्हणून खत बंद करू नका. पुरात नत्र बरंच वाहून जातं. गाळाचा आणि खालच्या मातीचा नमुना वेगवेगळा देऊन तपासणी करा, मगच रब्बीचा डोस ठरवा.

काठ राखायचा असेल तर शेवटची सरी काठाला भिडवू नका. काही फुटांचा पट्टा गवताला सोडा. जमीन सोडायची म्हटलं की जिवावर येतं, पण नांगरलेला काठ गवताच्या काठाआधी जातो. उतारावर ओल आहे तोवर वाळ्याची (खोल मुळांच्या गवताची) रोपं दाट ओळीत लावा, मागे बांबू आणि करंज. काठाच्या अगदी ओठावर उंच, जड झाडं नकोत. वाऱ्यात हलून ती काठ सैल करतात. काठालगतच्या उसाला पाटपाणी देऊ नका, ठिबक करा. शेतातलं जादा पाणी काठावरून तसंच सोडलं की ओघळ पडते. ते पाइपने खाली नदीपर्यंत न्या आणि पडतं तिथे दगड टाका.

पडक्या भिंतींचा राडा एका जागी ढकलून धार वळवण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. त्याच्या दोन्ही टोकांना भोवरे पडतात आणि शेजाऱ्याचा काठ कापला जातो. पायथ्याला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) किंवा जाळीतले दगड घालायचे असतील तर जलसंपदा विभागाला विचारून, सगळ्या वळणाच्या शेतकऱ्यांनी मिळून घाला. वळणाजवळ वाळू उपसा चालत असेल तर गावाने तो थांबवलाच पाहिजे. तळ खोल गेला की काठाची उंची वाढते, पायथा उघडा पडतो आणि वरचं कुठलंच गवत तो काठ धरू शकत नाही.

पायथ्याचं काम एप्रिल-मे मध्ये, नदी सर्वात खाली असताना करायचं. आत्ता फक्त कुठे किती तुटलं ते खुणा करून, तारीख घालून वहीत उतरवा. अंदाजपत्रकासाठी तीच नोंद लागते.