वरळीच्या खडकावरून थेट तीर्थनला? ट्राउट गरवताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की वांद्रे-वरळीच्या खडकांवर गरवणाऱ्यांपैकी, म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्यांपैकी, कुणाचा तरी फोन येतोच. "हिमाचलला चाललोय, ट्राउटसाठी कुठला रॉड घेऊ?" नदीला पाणी कसं आहे, हे कुणीच विचारत नाही. परत आल्यावर मात्र ठरलेलं वाक्य ऐकवतात, "तिकडे आता मासेच राहिले नाहीत." मासे आहेत हो. तुम्ही त्यांच्या डोक्यावर उभे होतात.

त्याकडे येतोच, पण आधी दुपारच्या पाण्याचं बोलू, कारण तिथे जिवाशी खेळ आहे.

समुद्रावर गरवणारा माणूस तिथी बघून भरतीची वेळ सांगतो. उधाणाला कुठल्या खडकावर जायचं नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच माणूस हिमाचलात तीर्थन नदीकाठच्या गुशैणी गावाला पोचला की सगळं विसरतो. बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्यांना मे-जूनमध्ये रोजची भरती असते. सकाळी उन्हं वरच्या बर्फावर पडतात, तो वितळतो आणि ते पाणी खाली यायला काही तास लागतात. त्यामुळे सकाळी काचेसारखी दिसणारी नदी दुपारनंतर फुगते, गढूळ होते, आणखी गार पडते.

आमच्यातला एक डोंबिवलीकर, खडकावरचा जुना खेळाडू, सकाळी अकराला घोटाभर पाण्यातून चालत नदीच्या मधल्या सपाट धोंड्यावर गेला. जागा झकास होती, नाही म्हणत नाही. अडीचच्या सुमारास काठाकडचा पट्टा मांडीपर्यंत चढला. याची पाठ काठाकडे. मी ओरडत होतो, पण डोंगरातल्या नदीच्या आवाजात दहा पावलांवरचा शब्द पोचत नाही. वरून शेतातल्या एका बाईंनी हात हलवला, "पानी बढ़ रहा है!" त्याला वाटलं, नमस्कार करतायत. त्यानेही हात हलवला. शेवटी गावातली दोन पोरं दोर घेऊन आली आणि याला कमरेला बांधून ओढून काढलं. रॉड गेला, फोन गेला. संध्याकाळी स्वारी हळहळत होती ती रॉडसाठी.

तीर्थनवर वर कुठे धरण नाही, म्हणून बर्फाचं पाणी निदान टप्प्याटप्प्याने चढतं. खाली ब्यास नदीवर तेवढीही सवड मिळत नाही. ८ जून २०१४ ला थलौटजवळ हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढायला पात्रात उतरले होते. लारजी धरणातून पाणी सोडलं आणि ते सगळे वाहून गेले. मंडीहून औटकडे जाताना तुमची गाडी तिथूनच जाते. धरणाच्या खालच्या पात्रात मी गळ टाकत नाही, कुणी कितीही मोठा मासा दाखवला तरी.

माझी सवय साधी आहे. पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड हेरून ठेवतो आणि दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघतो. तो बुडायला लागला, पाण्यावरून काड्या-पाला वाहत यायला लागला किंवा तळाशी धोंडे गडगडल्याचा आवाज आला, की गुंडाळायचं. गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. आणि मे महिन्यात दुपारी जेवून झोपतो. सकाळी सात ते अकरा गरवलं की पुरे. गढूळ गार पाण्यात ट्राउट तसाही तोंड उघडत नाही. "सुट्टी चारच दिवसांची आहे हो," असं म्हणणाऱ्यांना माझा सल्ला नाही. त्यांनी पवईला जावं.

आता डोक्यावर उभं राहण्याचं. मुंबईकराला लांब फेकायची हौस. गाडीतून उतरला की तडक पाण्यात शिरतो आणि समोरच्या काठाला स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगरणारं खोटं आमिष, मारतो. ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, कारण खाणं वरून वाहत येतं. धारेशी झुंजायला त्याला परवडत नाही, म्हणून तो मोठ्या धोंड्याच्या आड, वेगवान आणि संथ पाणी मिळतं त्या रेघेवर, डोहाच्या शेपटाला किंवा खाली पोखरलेल्या काठाखाली असतो. म्हणजे बऱ्याचदा तुमच्या पायापासून दोन हातांवर. तुम्ही वरच्या बाजूने धपाधप आलात की तो तुम्हाला आधी बघतो.

म्हणून खालून वर जा. वाकून चाला, सावली पाण्यावर पडू देऊ नका, जवळचं पाणी आधी आणि लांबचं शेवटी. मी डोहावर पोचलो की रॉड उघडायच्या आधी थर्मासमधला चहा पितो. सोबतचे नवखे तोवर चुळबुळत तीन डोह पुढे जातात. त्यांनी घाईत सोडलेल्या पाण्यात मला बरेचदा मासा लागला आहे, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

रॉड-रीलचं एवढंच: खडकावरचा जाड रॉड घरी ठेवा. सहा फुटी हलका रॉड, छोटं रील, चार ते सहा पौंड ताण सोसणारा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. स्वच्छ पाण्यात जाड ब्रेड (विणलेला दोरा) थेट लुअरला (खोट्या आमिषाला) बांधणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

जुने व्हिडिओ बघून जागा ठरवू नका. जुलै २०२३ च्या पुरानंतर ब्यासच्या खोऱ्यात बरंच पात्र बदललंय.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटचा विणीचा काळ, तेव्हा हिमाचलात बंदी असते. एरवी मत्स्य विभागाचा परवाना काढायचा. "होमस्टेवाला म्हणाला चालतं" हा परवाना नव्हे.

फोटोत 'असला' नावाचा स्थानिक मासा धरून 'माझा पहिला ट्राउट' लिहू नका. 'असला' तिथला मूळचा. ट्राउट कुल्लूत इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास आणून सोडला. ब्राउन जातीच्या ट्राउटच्या अंगावर लाल-काळे ठिपके असतात, रेनबो जातीच्या कुशीला गुलाबी पट्टा. आणि हॉटेलात तुमच्या ताटात येतो तो बहुधा मत्स्यशेतीतला रेनबो असतो, नदीतला नव्हे.

मासा सोडणार असाल तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून घ्या. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर धरून मित्राला "अरे, फोकस नीट कर" असं सांगत बसू नका.

शेवटचं पायातल्याबद्दल. रबरी सँडल आणि जीन्स घालून आलेला माणूस माझ्यासोबत पाण्यात उतरत नाही. त्याने काठावर बसून तो दगड बघायचा आणि पाणी चढलं की शिट्टी वाजवायची. शिट्टी मी देतो.