ठाण्याच्या पावसात हॉलो आणि सेमी-हॉलो गिटार कशी सांभाळायची

आधी घ्यायची कुठली ते बघू, कारण पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. फुल हॉलो म्हणजे आतून अख्खी पोकळ, जशी गिब्सनची ईएस-१७५ किंवा एपिफोनची कसिनो, आणि सेमी-हॉलो म्हणजे बाजू पोकळ पण मधोमध लाकडाचा ठोकळा, ही आयडिया गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ मध्ये आणली. तो ठोकळा असतो फीडबॅक कमी करायला. अॅम्पचा आवाज गिटारच्या पातळ लाकडाला हलवतो, लाकूड तारेला हलवतं, पिकअप (तारांखालचा, त्यांची थरथर टिपणारा भाग) ते परत अॅम्पला पाठवतो आणि मग घुंsss करून जे सुरू होतं ते थांबत नाही. बँडमध्ये ड्रम्सबरोबर वाजवणार असाल तर सरळ सेमी-हॉलो घ्या. जॅझ किंवा घरी एकट्याने वाजवायला फुल हॉलोसारखं सुख नाही. फ्लॅटमध्ये रात्री साडेअकराला अॅम्प न लावता वाजवली तरी आपल्याला छान ऐकू येतं आणि शेजारचे काका बेल वाजवत नाहीत.

फीडबॅक आलाच तर अॅम्पकडे तोंड करून उभे राहू नका, थोडं बाजूला सरका, बेस कमी करा, तरी नाही थांबला तर एफ-होलमध्ये (गिटारच्या वरच्या पाटीवरच्या f आकाराच्या भोकात) मऊ फोमचा तुकडा बसवा, हाताने निघेल असाच.

आता खरा विषय, दमट हवा. आमचं घर घोडबंदर रोडला, खाडी जवळच, जुलैत खोलीतला हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं यंत्र) ८५ च्या खाली येत नाही आणि गिटारला हवी साधारण ४५ ते ५५ टक्के. वाशी-नेरुळवाल्यांचंही तेच. लाकूड ओल पितं, वरची पाटी फुगते, ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) वर उचलला जातो, अॅक्शन (म्हणजे तारांची उंची) वाढते आणि आपल्याला वाटतं बोटंच बिघडली. पहिल्या पावसाळ्यात मी माझी बाहेरच्या भिंतीला टांगली होती, गणपतीत उतरवली तर मागच्या बाजूला बुरशीचा पांढरा थर आणि पिकअपचे स्क्रू गंजलेले, खूप वाईट वाटलं. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर ती हार्ड केसमध्येच असते, सोबत सिलिका जेल, तेही केशरी रंगाचं (निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको). ओल प्यायलं की ते हिरवट होतं, मग बदलायचं. पण केस महिनाभर बंद ठेवायची नाही, एक दिवसाआड काढून वाजवा, तारा सुक्या कपड्याने पुसा. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर लावा, फरक जाणवतो.

तारा बदलताना एक चूक सगळे करतात. आर्चटॉपचा (वरची पाटी कमानदार असलेल्या गिटारचा) ब्रिज बऱ्याचदा चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबावर उभा असतो, सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकलाच. एकेक तार बदला. सरकलाच तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला फक्त हलकं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून बघा, दाबलेला चढा येत असेल तर ब्रिज मागे, टेलपीसकडे (तारांची टोकं जिथे अडकवतात तिकडे) न्या. आणि एकदा फ्लॅटवाउंड तारा (चपट्या तारेने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावून बघाच, तो गोल, मऊ आवाज या गिटारला फार शोभतो.

आता जॅक, म्हणजे केबल खुपसायचं सॉकेट. नट सैल होतो आणि एक दिवस जॅक आत पडतो, आणि बऱ्याच गिटारना मागे झाकण नसतं, सगळा कारभार एफ-होलमधून. घाबरू नका, फिशटँकची बारीक नळी जॅकच्या भोकातून आत सरकवा, एफ-होलमधून बाहेर काढा, तिचं टोक जॅकमध्ये घट्ट खुपसा आणि पायजम्यात नाडी ओवतो तशी हळूहळू ओढा, जॅक आपोआप भोकात येतो. मग वॉशर आणि नट नळीवरूनच ओवून बसवा आणि घट्ट करताना जॅक आतल्या आत फिरू देऊ नका, नाहीतर वायर तुटून परत पहिल्यापासून सगळं.