रास्पबेरी पायवरून सिग्नलच्या संदेशाने दिवा लावताना या चुका टाळा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसते ‘पाय’) सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपचे संदेश घेणारा सिग्नल-सीएलआय हा प्रोग्राम बसवला, आलेला संदेश पायथन भाषेतल्या प्रोग्रामने वाचला आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चालू केला की दिवा लागतो. काम एवढे सोपे दिसत असल्यामुळे नवशिके ते एका संध्याकाळी उरकतात आणि नंतर अनेक दिवस त्याच्या तक्रारी घेऊन येतात. त्या तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच गैरसमज असतो. संदेश कूटबद्ध आहे, म्हणजे तो पाळण्यास योग्यच आहे, असे गृहीत धरलेले असते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमुळे संदेश वाटेत कोणाला वाचता किंवा बदलता येत नाही. परंतु तो पाठवणाऱ्याला आपला दिवा लावण्याचा अधिकार आहे का, आणि तो हुकूम आता लागू आहे का, हे आपल्या प्रोग्रामनेच तपासावे लागते.

पाठवणाऱ्याची तपासणी अनेक जण फोन क्रमांकावरून करतात. सिग्नलमध्ये २०२४ पासून क्रमांक इतरांपासून लपलेला राहू शकतो, त्यामुळे संदेशातील क्रमांकाची जागा रिकामी येऊ शकते. प्रत्येक खात्याला जो कायमचा यूयूआयडी (खात्याची ओळख सांगणारा लांब सांकेतिक क्रमांक) असतो, त्याची छोटी यादी मी ठेवतो आणि यादीबाहेरच्या संदेशाला उत्तरही देत नाही.

वेळेच्या तपासणीकडे मात्र जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. माझ्या एका परिचितांनी कोकणातील घराच्या पडवीतला दिवा पुण्याहून लावता यावा अशी सोय केली होती. हुकूम एकच होता, ‘बदल’, म्हणजे दिवा चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. पावसात गावची वीज गेली, उत्तर येईना, म्हणून त्यांनी तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवला. सिग्नलच्या सर्व्हरने ते सगळे संदेश राखून ठेवले आणि मध्यरात्री वीज आल्यावर एकामागून एक पोहोचवले. पडवीतला दिवा उघडझाप करू लागला, तेव्हा बाहेर कोणी तरी आले आहे असे वाटून घरातली वृद्ध माणसे घाबरून उठून बसली.

त्यांनी लगेच दोन मिनिटांपेक्षा जुना संदेश टाकून देण्याची अट घातली, तरी पुढच्या वेळी तेच घडले. पाय ५ च्या आधीच्या रास्पबेरी पायमध्ये स्वतःचे चालते घड्याळ नसते आणि पाय ५ मध्ये ते असले तरी त्याची बॅटरी वेगळी बसवावी लागते. वीज अचानक गेली की पाय सुरू होताना मागे कधी तरी जतन केलेली वेळ उचलतो, आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत जुना संदेश त्याला ताजाच वाटतो. म्हणून मी तीन गोष्टी नेहमी एकत्र करतो. हुकूम ‘लाव’ आणि ‘बंद कर’ असे स्पष्ट ठेवतो, म्हणजे तोच संदेश दोनदा आला तरी परिणाम बदलत नाही. संदेशावरील वेळ तपासतो. आणि घड्याळ जुळल्याशिवाय प्रोग्राम सुरूच होणार नाही अशी व्यवस्था सिस्टमडीमध्ये, म्हणजे पायवरचे प्रोग्राम सुरू करणाऱ्या यंत्रणेत, करतो. यांपैकी एक करून बाकीच्या दोन टाळण्याचा शॉर्टकट मला मान्य नाही.

पिनांच्या क्रमांकांचा घोळ आजही तितकाच होतो: जीपीआयओ (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिना) १७ म्हणजे हेडरवरची, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतली, ११ वी पिन, आणि हेडरवरची १७ वी पिन म्हणजे थेट ३.३ व्होल्टचा पुरवठा. दिवा उलटा चालत असेल, म्हणजे ‘बंद कर’ म्हटल्यावर लागत असेल, तर बहुधा रिले मॉड्यूल अ‍ॅक्टिव्ह-लो आहे, म्हणजे पिनवरचा व्होल्टेज शून्य झाल्यावर ते चालू होते. ते जीपीआयओझीरो या पिना हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीला सुरुवातीलाच सांगावे, हुकमांची अदलाबदल करू नये, कारण तसे केल्यास प्रोग्राम सुरू होतानाच दिवा लागू शकतो. पाय ५ वर जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी चालत नाही. सिग्नल-सीएलआय प्रत्येक संदेशासाठी नव्याने सुरू न करता डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, म्हणून चालू ठेवावे आणि वेळोवेळी अद्ययावत करावे, कारण जुनी आवृत्ती एक दिवस संदेश घेणे थांबवते. टेलिग्रामचा बॉट सोपा पडतो, पण बॉटशी होणारे संभाषण एंड-टू-एंड कूटबद्ध नसते.

२३० व्होल्टच्या बाबतीत मी कोणाचीही घाई चालवून घेत नाही. आधी ३३० ओहमचा रेझिस्टर लावून साध्या एलईडीवर सगळे हुकूम काही दिवस चालवावेत, वीज घालवून आणि राउटर बंद करून पाहावे, आणि मगच रिलेकडे वळावे. रिलेने फेजची तार तोडली पाहिजे. न्यूट्रल तोडल्यास दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. ही जोडणी एमसीबी (घराच्या वीजफलकावरचा सुरक्षा-स्विच) बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. शिवाय पायने परत पाठवायच्या उत्तरात ‘दिवा लागला’ असे न लिहिता ‘रिले चालू केला’ असे लिहावे, कारण दिवा गेलेला असला तरी पायला ते कळत नाही.