ओयाकोदोन करताना अंडं दोनदा घाला

ओयाकोदोन म्हणजे गरम भातावर कोंबडी आणि अंडं. जपानीत ‘ओयाको’ म्हणजे पालक आणि पिल्लू, म्हणून हे नाव.

दोघांसाठी 150 मिली दाशी (समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या मासळीचं जपानी सूप-पाणी), दोन-दोन मोठे चमचे सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड जपानी वाइन), चमचाभर साखर पसरट पॅनमध्ये उकळा. दाशी नसेल तर चिकनचं अळणी पाणी चालतं. मिरिन नसेल तर साखर किंचित वाढवा. त्यात एक कांदा उभा पातळ चिरून आणि 250 ग्रॅम बोनलेस चिकनचे लहान तुकडे घाला. मांडीचंच घ्या, छातीचं मांस चटकन कोरडं पडतं. सहा-सात मिनिटांत शिजतं.

खरी मेख अंड्यात आहे. चार अंडी ऑम्लेटसारखी फेसू नका. काट्याने सात-आठदा हलवा, बस्स. पांढऱ्या-पिवळ्याचे पट्टे वेगळे दिसायला हवेत. रस उकळत असताना निम्म्याहून जास्त अंडं गोल फिरवत ओता, झाकण ठेवा. मिनिटभरात कडा धरतात, मधे अजून थरथरतं. तेव्हा उरलेलं ओता. जपानात लगेच गॅस बंद करून वरचं अंडं ओलसरच ठेवतात, कारण तिथली अंडी कच्ची खाता येतील अशीच विकली जातात. आपल्याकडे मी ते मंद आचेवर पूर्ण धरू देते. खालचा थर तरीही मऊच राहतो.

भाताला बासमती नको, रस तळाशी जातो. इंद्रायणी घ्या. तिचा चिकट भात रस धरून ठेवतो. वरून कांद्याची पात.